नवा मुखडा, जुनी हाडं: फेसलिफ्टवाली जुनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही पुण्यात रोज चालवायला घेताना

रविवारी सकाळी मावसभावाचा फोन आला. “दादा, २०२०चं मॉडेल मिळतंय. फेसलिफ्टवालं. सनरूफ, मोठा स्क्रीन, सगळं आहे. दिसायला तर कालच शोरूममधून काढल्यासारखी. येतोस का बघायला?” मी विचारलं, तुमच्या सोसायटीच्या बेसमेंटचा चढ चढवून पाहिलास का तिला? पलीकडे शांतता. गाडी त्याने संध्याकाळी, औंधच्या रुंद रस्त्यावर, मालकाला शेजारी बसवून दहा मिनिटं चालवली होती आणि गाणी लावून बघितली होती.

मी मेकॅनिक नाही. पण “गाडी बघायला बरोबर येतोस का” म्हणून नातेवाईक आणि ऑफिसातले लोक मला नेतात. गेल्या काही वर्षांत पंचवीसेक जुन्या गाड्यांखाली मी वाकून पाहिलं आहे आणि एक गाडी स्वतः चुकीची घेतली आहे. त्यातून जी पद्धत बसली ती इथे देतो. तिच्यामागचा विचार सरळ आहे: फेसलिफ्टमध्ये नवं झालेलं असतं ते डोळ्यांना दिसतं, पण कमरेला, डाव्या पायाला आणि पार्किंगच्या खांबाला जे रोज भिडतं ते बहुतेक जुन्याच वर्षाचं असतं. म्हणून आधी जुनं काय ते तपासायचं, आणि तेही आपल्या रोजच्या रस्त्यावर.

पहिली पायरी: तोंडामागे काय बदललं?

‘फेसलिफ्ट’ हा शब्द बाजारात फार सैल वापरतात. कधी नुसतं तोंड धुतलेलं असतं: बंपर, जाळी, दिवे, आत नवा स्क्रीन. कधी त्याच नावाखाली इंजिनच बदललेलं असतं. मारुतीची विटारा ब्रेझा मार्च २०१६मध्ये आली तेव्हा फक्त १.३ लिटर डिझेलमध्ये मिळायची. फेब्रुवारी २०२०च्या फेसलिफ्टला ते डिझेल गेलं आणि १.५ लिटर पेट्रोल आलं. त्यामुळे २०१९ची ब्रेझा चालवणाऱ्या मित्राचा अनुभव विचारून २०२१ची घेणं म्हणजे थोरल्याची पत्रिका बघून धाकट्याचं लग्न ठरवणं.

टाटा नेक्सॉन सप्टेंबर २०१७ची. जानेवारी २०२०ला तिचं नाक बदललं, बीएस-६ (धुराचे कडक नियम पाळणारी) इंजिनं आली, टर्बो पेट्रोलची ताकद ११०वरून १२० पीएस झाली. पण सांगाडा, दारं, मागची बैठक तीच राहिली. पुन्हा मोठा मेकअप झाला तो सप्टेंबर २०२३ला. ह्युंदाई व्हेन्यू मे २०१९ची, फेसलिफ्ट जून २०२२चा. फोर्ड इकोस्पोर्ट २०१३ची, आणि नोव्हेंबर २०१७च्या फेसलिफ्टला तिला तीन सिलिंडरचं नवं १.५ लिटर पेट्रोल इंजिन मिळालं. चालवायला आजही मजा येते, पण भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं फोर्डने सप्टेंबर २०२१ला जाहीर केलं. त्यामुळे ती घेताना गाडीसोबत आपल्या भागातलं सर्व्हिस सेंटर आणि पार्ट किती दिवसांत येतात, हेही पारखावं लागतं.

एक तारीख डोक्यात पक्की ठेवा: १ एप्रिल २०२०. त्या दिवसापासून नव्या गाड्यांना बीएस-६ लागू झालं आणि बऱ्याच मॉडेलांचे फेसलिफ्ट त्याच सुमारास काढले गेले. २०१९च्या शेवटी बनलेली आणि २०२०च्या सुरुवातीला पासिंग झालेली गाडी ‘२०२०ची’ म्हणून दाखवतात. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, तेच धरायचं.

आणि हो, नकली फेसलिफ्टही असतात. जुन्या गाडीला नव्या मॉडेलचा बंपर, जाळी आणि हेडलाइट बसवून देणारे लोक शहरात आहेत. मालकाने हौसेने करून घेतलं असेल तर त्यात गैर काही नाही, पण विकताना २०१८ची गाडी नव्या तोंडाच्या भावाने खपवतात. मी एक पाहिली. समोरून नवी, मागून जुनी आणि आतला डॅशबोर्डही जुनाच. तोंड बदलणं स्वस्त पडतं, डॅशबोर्ड बदलणं परवडत नाही. तेव्हा आधी आत बसा, मग पुढे जाऊन बघा.

सुरक्षेच्या ताऱ्यांचंही असंच आहे. गाड्या आपटवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेने २०१८मध्ये ब्रेझाला चार आणि नेक्सॉनला पाच तारे दिले. ते त्या वेळच्या नियमांनुसार, त्या वेळच्या गाडीला. २०२२च्या मध्यापासून त्यांचे नियम कडक झाले आणि ऑक्टोबर २०२३पासून आपलं भारत एनकॅप सुरू झालं. तेव्हाचे पाच आणि आताचे पाच एका तागडीत घालता येत नाहीत. शिवाय शेजारच्या सीटसाठी एअरबॅग जुन्या मॉडेलांनाही सक्तीची झाली ती २०२१ संपताना. त्याआधीच्या स्वस्त व्हेरियंटमध्ये ती आहे ना, हे ब्रोशरमध्ये नाही, डॅशबोर्डवर बघा.

दुसरी पायरी: टेप घेऊन आपल्याच पार्किंगमध्ये जा

ही पायरी लोक गाळतात. मीही गाळली होती. मी घेतलेली ‘चुकीची’ गाडी तशी गुणी होती, चुकीची होती ती माझ्या पार्किंगला. आमच्या इमारतीत दोन खांबांच्या मध्ये माझी जागा. गाडी आत जायची, पण ड्रायव्हरचं दार वीतभर उघडलं की खांबाला टेकायचं. दीड वर्ष मी गिअरवरून पाय टाकून डाव्या दाराने उतरलो. शेजारच्या काकांना वाटायचं माझं दार बिघडलं आहे. त्यांनी दोनदा गॅरेजवाल्याचा नंबरही दिला.

या सगळ्या गाड्यांची लांबी करसवलतीसाठी चार मीटरच्या आत ठेवलेली असते, त्यामुळे लांबीत फरक फारसा नाही. फरक रुंदीत असतो. आरसे सोडून नेक्सॉन १,८११ मिलिमीटर, ब्रेझा १,७९०, इकोस्पोर्ट १,७६५. चारपाच सेंटिमीटरनी काय होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी शनिपारवरून तुळशीबागेकडे सणाच्या आठवड्यात एकदा जाऊन यावं. खांबांमधलं अंतर मोजा, त्यातून गाडीची रुंदी वजा करा, आणि उरलेल्या जागेत तुमचं पोट बसतं का बघा. स्टॅक पार्किंग (मशिनने गाड्या एकावर एक ठेवणारं) असेल तर मशिनवरच्या पाटीवर उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. ती सेडान डोळ्यासमोर ठेवून आखलेली असेल तर ब्रेझाची १,६४० मिलिमीटर उंची तिथे अडकू शकते. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी विचारा, नंतर भांडू नका.

मग आपला दिवस कागदावर मांडा. कोथरूडहून हिंजवडीला जाणारा आणि सदाशिव पेठेतून टिळक रस्त्यावरच्या दुकानात जाणारा, दोघांना एकच गाडी चालणार नाही. समजा महिन्याला ८०० किलोमीटर होतात. गर्दीत पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज १२ आणि डिझेलचं १५ धरलं, पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर पेट्रोलला साधारण ६,९३० आणि डिझेलला ४,८०० रुपये लागतात. वर्षाला पंचवीस हजारांच्या आसपास वाचतात. वाचताना बरं वाटतं. पण बीएस-६ डिझेलच्या धुराड्यात काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर असतो. ती काजळी जाळून टाकायला धूर सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो आणि त्यासाठी गाडी काही वेळ एका वेगात सलग पळावी लागते. रोज घर ते ऑफिस सहा किलोमीटर, तेही कर्वे रस्त्यावरून, असं असेल तर तो फिल्टर भरत राहतो, दिवा लागतो, आणि फिल्टर बदलायची वेळ आली तर दोनतीन वर्षांची बचत एका बिलात जाते. डिझेल घ्यायचीच तर महिन्यातून दोनचारदा सातारा किंवा नाशिक रस्त्याला लागणाऱ्याने घ्यावी.

पेट्रोलवाल्यांसाठी एक गोष्ट. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३पासूनच्या नव्या गाड्या ते धरून बनवल्या आहेत, त्याआधीच्या बहुतेक १० टक्क्यांचा हिशेब धरून. घाबरून जायचं कारण नाही, पण ॲव्हरेज थोडं कमी पडेल हे मनात ठेवा आणि मेकॅनिककडून इंधनाच्या रबरी नळ्या एकदा बघून घ्या. टाकीच्या झाकणामागचं स्टिकर वाचायला विसरू नका.

तिसरी पायरी: गाडी बघण्याआधी कागद

विकणाऱ्याकडून गाडीचा नंबर मागा. “आधी येऊन तर बघा” असं उत्तर आलं तर मी जात नाही. नंबर मिळाला की परिवहनच्या साइटवर किंवा एमपरिवहन ॲपवर कितवा मालक, बँकेचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, हे कळतं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनच्या साइटवर थकलेला दंड दिसतो. दंडाची यादी वाचण्यातही गंमत आहे. सगळी चलनं वेगमर्यादेची आणि सगळी एक्सप्रेसवेवरची असतील तर “फक्त मॅडम भाजी आणायला वापरायच्या” या वाक्याचं वजन कमी होतं.

विम्याच्या पॉलिसीत ‘नो क्लेम बोनस’चा आकडा बघा. क्लेम न करता वर्षं गेली की तो २०, २५, ३५, ४५ असा वाढत ५० टक्क्यांवर जातो. एकाच मालकाकडे पाच वर्षं असलेल्या गाडीवर तो शून्य असेल तर गेल्या वर्षी क्लेम झालेला असण्याची शक्यता मोठी. कसला, ते विचारा. काच फुटल्याचा असेल तर हरकत नाही. उत्तर गोलमाल आलं तर चौथ्या पायरीवर डोळे मोठे ठेवा.

डीएल म्हणजे दिल्लीच्या नंबरच्या, किंवा तिथून येऊन इथे पुन्हा नोंदवलेल्या गाड्या स्वस्तात दिसतात. दिल्ली आणि आसपास दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून तिकडच्या गाड्या वय होण्याआधीच बाहेर विकल्या जातात. गाडी वाईटच असेल असं नाही, पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर हा सगळा खर्च किमतीत मिळवून बघा. बहुतेक वेळा स्वस्ताई तिथेच संपते. एमएच-१२ आणि एमएच-१४ यात मात्र काही उच्चनीच नाही. एक पुणे, दुसरं पिंपरी-चिंचवड, बस.

एप्रिल २०१९ आधी पासिंग झालेली असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली आहे का तेही पाहा. नंतरच्या गाड्यांना ती कंपनीतूनच येते, तेव्हा नंतरच्या गाडीवर साधी प्लेट दिसली तर मूळ कुठे गेली ते विचारा. बंपरसोबत गेली असेल.

सर्व्हिसचा इतिहास कंपनीच्या वर्कशॉपमधून काढता येतो, मालकाला सोबत घेऊन जा. त्यात किलोमीटरचे आकडे तारखांसह असतात. २०२२ला ४८ हजार आणि आज मीटरवर ४५ हजार असा चमत्कार तिथेच पकडला जातो.

चौथी पायरी: थंड गाडी, सकाळचं ऊन

“मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका” असं सांगून सकाळी जायचं. पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर. गरम लागलं तर कोणीतरी आधी सुरू करून ठेवली आहे. थंड इंजिन लाजत नाही, जे काही असेल ते पहिल्या मिनिटाला बोलून मोकळं होतं. संध्याकाळी किंवा पावसात रंग बघायला जाऊ नये. ओली गाडी सगळीच चकचकीत.

उन्हात तिरकं उभं राहून एका रेषेत दारांकडे बघा. बॉनेट आणि दारांच्या बिजागरीचे बोल्ट बघा. स्पॅनर लागला असेल तर त्यावरचा रंग उडालेला असतो. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंचे ॲप्रन (चाकांवरचे आतले पत्रे) आणि पुढची आडवी पट्टी बघा. बंपर बदलला, दार रंगवलं, हे पुण्यात चालायचंच. इथे रिक्षा आणि दुचाकी दोन्हीकडून ओरबाडतात. ॲप्रन ठोकून सरळ केलेला दिसला तर मात्र मी चहासुद्धा न पिता निघतो. काचांवर कोपऱ्यात वर्षाचं चिन्ह असतं, सगळ्या जुळतात का बघा. टायरच्या बाजूवर चार अंकांचा शिक्का असतो: ‘२३१९’ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. पाचसहा वर्षांचे टायर नक्षी कितीही खोल दिसली तरी बदलायचेच. २१५/६० आर १६ मापाचे चार म्हणजे तीस-चाळीस हजारांची बाब, ती किमतीतून वळती करायची.

आता पाणी. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढा फुटून वाहिला तेव्हा अरण्येश्वर, सहकारनगर भागात गाड्या एकमेकींवर चढल्या होत्या. जुलै २०२४ला मुठेचं पाणी सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत शिरलं. त्या गाड्यांचं पुढे काय झालं? काही भंगारात गेल्या. काही धुऊन, वाळवून, सीट कव्हर घालून बाजारात आल्या.

अशी एक मी जवळून पाहिली आहे. विकणारा बोलायला गोड. गाडी आतून इतकी स्वच्छ की शंका यावी. डॅशबोर्डवर पॉलिश, वर मोगऱ्याचा वास, आणि त्या वासाखाली आणखी एक वास, पावसाळ्यात ओलं राहिलेल्या पोत्याचा. पुढचे सीटबेल्ट कोरे करकरीत. मी मागे बसून डाव्या बाजूचा पट्टा ओढला. ओढत गेलो. हातभर काळा पट्टा आला, दीड हात आला, आणि मग शेवटचा वीतभर तुकडा चहाच्या रंगाचा निघाला. वर एक सरळ रेघ, जिथवर पाणी चढलं होतं तिथवर. बोटाने घासलं तर बारीक गाळ निघाला. रीळमध्ये गुंडाळलेला तेवढा भाग धुवायचा राहून गेला होता. विकणारा म्हणाला, “साहेब, लहान मुलाने चहा सांडला असेल.” मी म्हटलं, असेल, पण मग अख्खी किटली सांडली.

म्हणून सगळे पट्टे शेवटपर्यंत ओढा, मागचेसुद्धा. स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात गाळ किंवा गंज आहे का बघा. सीटच्या रेल्सवर गंज, फ्यूज बॉक्सच्या पायांवर हिरवट थर, पायपुसणीखालच्या कार्पेटला दाबल्यावर दमटपणा, यातलं काहीही दिसलं की परत फिरा. पाण्यातून निघालेल्या गाडीचं वायरिंग दोन वर्षांनी रडायला लागतं.

पाचवी पायरी: तुमचा रस्ता, तुमची वेळ

चालवून बघायला तास-दीड तास मागा. मी कोथरूड डेपोवरून पौड रस्त्याने चांदणी चौक, तिथून बायपासने वारजे आणि कर्वे रस्त्याने परत असा फेरा मारतो. त्यात चढ, वेग, खड्डे आणि मुंगीच्या पावलाची गर्दी सगळं येतं. तुमचं ऑफिस खराडीला असेल तर तुम्ही मुंढव्याच्या पुलावरून संध्याकाळी सातला जा. त्रास होईल, पण रोजचा त्रास तोच आहे.

किल्ली फिरवून सुरू करताना रेडिओ आणि एसी बंद. पहिल्या दहा सेकंदांत टॅपेटची टकटक थांबली पाहिजे. एक्झॉस्टमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरी वाफ थंड सकाळी चालते, पण गरम झाल्यावरही येत राहिली तर कूलंट कुठे जातंय ते शोधावं लागेल.

क्लचची परीक्षा सोपी. सपाट मोकळ्या जागी तिसऱ्या गिअरमध्ये हळू चालत असताना एकदम ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएमचा काटा उसळला आणि गाडी तशीच रेंगाळली तर प्लेट संपत आली आहे. पुण्यातल्या गाडीचे ६० हजार किलोमीटर म्हणजे हाफ क्लचचे किती तास, याचा विचार करा. विद्यापीठ चौकाने या शहरात जितक्या क्लच प्लेटा खाल्ल्या तितक्या कुठल्या घाटाने खाल्ल्या नसतील.

ऑटोमॅटिक घेणाऱ्यांनी थोडं थांबून समजून घ्यावं, कारण ‘ऑटोमॅटिक’ हे एकच नाव तीन वेगळ्या यंत्रांना आहे. २०२०च्या ब्रेझातला चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारा) जुन्या वळणाचा. हायवेवर इंजिन जरा ओरडतं, पण गर्दीत सोशिक. नेक्सॉनमधला एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, क्लच दाबायला माणसाऐवजी मोटर. ॲव्हरेज चांगलं, पण गिअर पडताना डोकं पुढे-मागे होतं, आणि चढावर निघताना किंचित मागे येण्याचा स्वभाव. व्हेन्यूच्या टर्बोतला सात गिअरचा डीसीटी (दोन क्लचचा गिअरबॉक्स) सगळ्यात तरतरीत. पण त्याचे क्लच कोरडे असतात, आणि रांगत्या गर्दीत ब्रेक सोडून सोडून गाडी पुढे सरकवत राहिलं की तापतात. तिन्हींची खरी परीक्षा एकच: अर्ध्या चढावर पूर्ण थांबा, ब्रेकवरून पाय उचला, आणि निघा. कोथरूडातून एआरएआय संस्थेकडे टेकडीवर चढणारा रस्ता त्यासाठी बरा. त्याहून बरा तुमच्या सोसायटीचा रॅम्प, जिथे वर सिक्युरिटीवाला हात दाखवून थांबवतो आणि मागे दुसरी गाडी चिकटलेली असते.

मावसभावाच्या त्या गाडीला आम्ही नेमकं तिथेच नेलं. एएमटी होती. अर्ध्या रॅम्पवर थांबून पाय उचलला तर गाडी हातभर मागे आली, मग थरथरली, जळकट वास आला, आणि मग चढली. तो म्हणाला, “सवय होईल.” मी म्हटलं, “तुझी होईल, वहिनींचं काय?” वहिनी मागेच बसल्या होत्या. त्यांनी उतरून खिडकीतून सांगितलं की ही त्या चालवणार नाहीत. विषय संपला.

टर्बो पेट्रोल असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये पंधराशे आरपीएमखाली किती आळस करते ते बघा. कागदावरची १२० पीएसची ताकद गतिरोधक ओलांडल्यानंतर कुठे जाते, ते तिथे कळतं. खराब गल्लीत खिडक्या खाली करून वीसच्या वेगाने जा. पुढून ‘टक’ असा सुटा आवाज आला तर बहुधा लिंक रॉड, हजार-दोन हजारांत काम होतं. ‘धड’ असा जड आवाज आणि स्टिअरिंगला झटका आला तर शॉकअप, माउंटिंग, बुश, खर्च वाढला. बायपासवर ८०ला स्टिअरिंग थरथरतं का, ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते का, तेही बघून घ्या. जोरात ब्रेक मारून बघायचे ते मोकळ्या, सपाट रस्त्यावर. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर असले प्रयोग करू नयेत. तिथे खालचा गिअर टाकून इंजिनने गाडी धरते का एवढंच बघा आणि न्यूट्रल करून सोडायचा मोह टाळा.

शेवटी, दुपारी एक वाजता गाडी सिग्नलला उभी असताना एसी गार राहतो का? मे महिन्यात हा एकच प्रश्न उरतो.

सहावी पायरी: नवं म्हणून मिळालेलं आधी बिघडतं

फेसलिफ्टमध्ये ज्या वस्तू वाढवलेल्या असतात, विक्रीत ज्यांचं कौतुक असतं, त्याच पाच वर्षांनी कुरकुर करतात आणि त्यांचेच पार्ट महाग असतात. टचस्क्रीनच्या चारही कोपऱ्यांत बोट लावून बघा, फोन जोडून पंधरा मिनिटं नकाशा चालू ठेवा, रिव्हर्सचा कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करा. एलईडी पट्टी एका बाजूला पिवळट पडली असेल तर अनेक मॉडेलांत अख्खा दिवा बदलावा लागतो. सनरूफ उघडून कडेच्या पन्हाळीत तांब्याभर पाणी हळू ओता. ते चाकांजवळ खाली पडलं पाहिजे. न पडता छताच्या कापडावर डाग उमटला तर नळ्या तुंबल्या आहेत. मालक तोंड वाकडं करेल, करू द्या. पहिल्या पावसात तेच पाणी तुमच्या डोक्यावर पडणार असतं.

हे झालं की गाडी आपल्या मेकॅनिककडे, त्यांच्या नव्हे. वर उचलून खालून ऑइलचं गळणं, वाकलेला क्रॉसमेंबर (खालची आडवी पट्टी), ड्राइव्ह शाफ्टचे फाटलेले बूट बघायचे आणि स्कॅनर लावून फॉल्ट कोड काढायचे. सगळे कोड ‘आजच पुसले’ असं दिसलं तर आमचे मेकॅनिक, वारज्याचे मामा, नुसते हसतात आणि म्हणतात, “साहेब, परवा परत घेऊन या.” या तपासणीचे हजार-दोन हजार खिशातून द्या, विकणाऱ्याला देऊ देऊ नका.

सातवी पायरी: भाव, आणि कागद पुन्हा

२२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या, पण जुन्यांचे मालक अजून आपण दिलेल्या किमतीवरून हिशेब सांगतात. त्याच मॉडेलच्या आजच्या नव्या गाडीची ऑन-रोड किंमत काढून न्या आणि तिथून खाली या. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, क्लच, विमा, ट्रान्सफर यांची बेरीज कागदावर लिहून समोर ठेवली की घासाघीस करावी लागत नाही, आकडेच बोलतात.

टोकन देताना पावतीवर लिहून घ्या की नाव चढण्यात अडचण आली तर पैसे परत. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३० लागतात, कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, बाहेरच्या आरटीओची गाडी असेल तर एनओसीसाठी फॉर्म २८. “सह्या करून ठेवतो, नाव सावकाश लावा” याला हो म्हणू नका. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायचा असतो, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, गाडीसोबत येत नाही. त्यामुळे हप्त्यात फरक भरावा लागेल.

ताबा घेताना तारखेसोबत वेळही लिहा. सकाळी अकराला गाडी तुमची झाली आणि दहाला कुणीतरी सिग्नल तोडला असेल तर तो तास महत्त्वाचा ठरतो. दुसरी किल्ली मागा. “घरी आहे, पाठवतो” म्हणाले तर पाचेक हजार रोखून धरा, किल्ली संध्याकाळपर्यंत सापडते. जुना फास्टॅग त्यांच्यासमोर बंद करवून घ्या, नाहीतर खेड-शिवापूरला तुमचा टोल त्यांच्या खात्यातून जाईल आणि रात्री फोन येईल.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, ब्रेक ऑइल आणि कूलंट बदलून टाका, आधीच्या मालकाने “गेल्या महिन्यातच केलंय” म्हटलं असलं तरी. मावसभावाने शेवटी तेच मॉडेल घेतलं, पण मॅन्युअल, दुसऱ्या मालकाकडून, दाराला ओरखडा असलेलं आणि सनरूफ नसलेलं. ओरखडा तसाच आहे. गाडी आता वहिनीच चालवतात.